रस फुटला म्हणजे बिघडला का? मांद्रेची सोलकढी, दोदोल आणि फिलिपिन्सचा ‘गाटा’

मांद्रे : चतुर्थी जवळ आली की पेडणे तालुक्यात पहिली चौकशी होते ती नारळाच्या दराची. २०२५ साली देशभरात नारळ आणि खोबरं दोन्ही महागलं. त्या हंगामासाठी केंद्र सरकारने तेलाच्या खोबऱ्याला क्विंटलमागे ११,५८२ रुपये हमीभाव ठरवला होता, बाजार त्याच्या बराच वर गेला. मांद्रे, मोरजी, हरमल या माडांच्या पट्ट्यातही नारळ विकत घेताना लोक विचार करू लागले. त्याचा पहिला फटका बसला तो नारळाच्या रसाला, कारण वाटपाला अर्धी कवड पुरते, रसाला मात्र अख्खा नारळ लागतो.

नारळ महाग असताना रस फुटून वाया गेला तर जिवावर येतं. म्हणून रस फुटतो म्हणजे नेमकं काय होतं, तो कधी फुटू द्यायचा नाही आणि कधी मुद्दाम फोडायचा, हे समजून घेणं फायद्याचं आहे.

रस आणि वाटप यांत फरक काय?

पेडण्याच्या स्वयंपाकात नारळ दोन वाटांनी येतो. माशाच्या हुमणात किंवा तोणकात खोबरं मसाल्यासकट बारीक वाटून सगळंच भांड्यात जातं. ते वाटप. रसात खवलेलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पिळतात आणि चोथा बाजूला काढतात. सोलकढी, शिरवाळ्यांबरोबरचा गोड रस, मणगणं, ख्रिस्ती घरांतलं कालदीन, दोदोल, बेबिंका हे सगळे पदार्थ रसावर उभे आहेत. खाडीपलीकडे सिंधुदुर्गात घावणे आणि खापरोळ्याही याच गुळाच्या रसात बुडवून खातात. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, त्यामुळे दोन्हीकडची चूल सारखी असली तर त्यात नवल नाही.

पहिल्यांदा, पाणी अगदी कमी घालून पिळला की निघतो तो दाट रस. तोच चोथा पुन्हा पाणी घालून पिळला की पातळ रस. मध्यम आकाराच्या नारळाचा साधारण एक कप दाट आणि दीड कप पातळ रस मिळतो. पाणी न घालता काढलेल्या दाट रसात स्निग्धांश तीस टक्क्यांच्या आसपास असतो. नारळाचं तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. म्हणूनच पाणी कोमट घ्यायचं. फ्रिजमधल्या नारळाला थंड पाणी घातलं तर तेल चोथ्यातच अडकून राहतं, आणि मग नारळाला रस नाही म्हणून दुकानदाराला बोल लागतो.

रस फुटतो म्हणजे काय होतं?

पाणी आणि तेल एकत्र राहत नाहीत. रसात ते राहतात, कारण तेलाच्या बारीक थेंबांभोवती खोबऱ्यातल्या प्रथिनांचं पातळ आवरण असतं. ते आवरण शाबूत आहे तोवर रस दुधासारखा पांढरा दिसतो. आवरण मोडण्याची दोन मुख्य कारणं. एक उष्णता. रस ८० अंशांच्या पुढे गेला की प्रथिनं गोळा होऊ लागतात आणि तेल सुटं होतं. दुसरं आंबट. कोकम, चिंच, व्हिनेगर यांनीही प्रथिनं साकळतात, आणि आंबट व उष्णता एकत्र आली की काम आणखी लवकर होतं.

सोलकढी उकळत नाहीत त्याचं कारण हेच. आमसुलं आधी पाण्यात भिजवून, कोळून त्यांचं आगळ काढायचं आणि वाढायच्या थोडं आधी रसात मिसळायचं. सकाळी केलेली कढी दुपारपर्यंत ठेवली की वर दाट थर आणि खाली गुलाबी पाणी दिसतं. ती ढवळली की पुन्हा एक होते, चवीत फार फरक पडत नाही. चुलीवर गरम केली तर मात्र कण धरते, मग ढवळून उपयोग नाही. गुळालाही थोडा आंबटपणा असतो. म्हणून शिरवाळ्यांच्या रसात गूळ थंडच विरघळवतात, रस आधी तापवत नाहीत.

कालदीनासारख्या शिजवायच्या पदार्थात क्रम महत्त्वाचा. मासे किंवा सुंगटं पातळ रसात शिजवायची. त्यात तेल कमी असल्यामुळे उकळी आली तरी बिघडत नाही. दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घालायचा, एक वाफ आली की उतरवायचं. झाकण ठेवून खदखदवलं की फुटलाच म्हणून समजा.

फिलिपिन्सची तीच रीत

गोवा-सिंधुदुर्गातले तारवटी जहाजांवर काम करतात तिथे फिलिपिनो खलाशी हमखास भेटतात. दोन्हीकडच्या लोकांना भात, मासळी आणि नारळ लागतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि भारत हे जगातले सगळ्यात मोठे तीन नारळ उत्पादक देश. फिलिपिन्समध्ये नारळाच्या रसाला ‘गाटा’ म्हणतात, आणि गाटात शिजवलेल्या पदार्थांना ‘गिनाताआन’. पहिल्या पिळणीच्या दाट रसाला तिथे ‘काकांग गाटा’ असं वेगळं नाव आहे. स्वयंपाकाची रीतही आपलीच, म्हणजे पातळ रस आधी आणि काकांग गाटा शेवटी.

त्यांच्या बिकोल प्रांताचा ‘लाइंग’ हा पदार्थ पेडण्याच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. तो अळूचा. सुकवलेली अळूची पानं मिरची आणि सुक्या मासळीबरोबर गाटात मंद आचेवर शिजवतात. अळूची खाज मारायला आपण अंबाडे किंवा चिंच घालतो. ते पानं सुकवून घेतात, भरपूर वेळ शिजवतात आणि मधेमधे ढवळायचं नाही असं बजावतात.

पुढे मात्र वाट वेगळी होते. लाइंग किंवा बिकोल एक्सप्रेस हे डुकराचं मांस आणि मिरच्यांचं कालवण करताना अनेक घरांत रस आटवत आटवत तेल सुटेपर्यंत नेतात. तेल वर आलं म्हणजे पदार्थ झाला. आपल्या कढीत जो दोष, ती तिथे तयार झाल्याची खूण. त्याहून पुढे जाऊन ते दाट रस आटवून पूर्ण फोडतात. खाली राहिलेले कण त्याच तेलात तांबूस होईपर्यंत तळले की झाली ‘लातिक’, भाताच्या गोड पदार्थांवर पेरायला.

दोदोल तेल सोडतो तेव्हा

पण मुद्दाम फोडायची ही विद्या आपल्याकडेही आहे. दोदोल करताना तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचा रस तासन् तास ढवळतात. गोळा भांड्याची कड सोडू लागला आणि बाजूला तेल दिसू लागलं की दोदोल उतरवायचा. तेल दिसण्याआधी उतरवला तर तो चिकट राहतो आणि टिकत नाही. मलेशिया, इंडोनेशिया आणि दक्षिण फिलिपिन्समध्येही हा पदार्थ याच नावाने ओळखला जातो. बेबिंकाचंही तसंच, तिथला ‘बिबिंगका’ तांदळाच्या पिठाचा आणि नारळाच्या रसाचा. आपल्या बेबिंकात मैदा, अंड्याचा बलक आणि तूप, थर एकावर एक. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तेव्हा फुटलेला रस बिघडला की नाही, हे पदार्थावर ठरतं. कढीसाठी काढलेला रस चुकून तापून फुटला तर टाकून देऊ नये. तो आटवून तेल काढता येतं, उरलेले कण गुळाबरोबर गोडात जातात.

पाकिटातला रस का वेगळा?

दर वाढल्यावर बऱ्याच घरांत आणि किनाऱ्यावरच्या खानावळींत पाकिटातला रस आला. हिशोब साधा आहे. चार माणसांच्या कढीला एक नारळ धरला तर चाळीस पानांना दहा नारळ. नारळ ३० रुपयांना असताना ३०० रुपये, ५० झाला की ५००. रोजचा फरक २०० रुपये, महिन्याचा सहा हजार. त्यात माडावर चढणारे पाडेली कमी झालेत. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये माडावर चढण्याचं प्रशिक्षण देणारी ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ योजना केरळात सुरू केली तीही याच अडचणीमुळे. घरच्या भाटात नारळ असूनही पाडायला माणूस नाही म्हणून बाजारातून आणायची पाळी येते.

पाकिटातला रस फुटू नये म्हणून त्यात बहुधा डिंकासारखे घट्ट करणारे आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. त्यामुळे तो उकळला तरी सहसा फुटत नाही, कालवणाला ते सोयीचं. पण याच कारणाने दोदोलात तो तेल लवकर सोडत नाही, आणि कढीला ताज्या खोबऱ्याचा वास येत नाही. रसाच्या पावडरीत बऱ्याचदा दुधातलं प्रथिन असतं, दूध न चालणाऱ्यांनी पाकिटामागची यादी वाचून घ्यावी. स्निग्धांशाचा आकडाही तिथेच असतो. तो कमी असेल तर आपण पाण्याचे पैसे देतोय असं समजावं.

ताजा रस मात्र टिकाऊ नाही. त्यात आंबटपणा जवळजवळ नसल्याने आपल्या हवेत तो काही तासांत आंबतो. लागेल तेवढाच काढावा, उरला तर लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रीझरमध्ये ठेवलेला रस वितळताना तुटल्यासारखा दिसतो, तो मिक्सरमधून फिरवला की कालवणाला चालतो. मिक्सरमध्ये खोबरं वाटताना थांबून थांबून वाटावं. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि तेल आधीच सुटायला लागतं.

नारळ महाग असताना एकाच नारळाची दोन कामं करून घेता येतात. दाट रस कढीला किंवा शिरवाळ्यांना ठेवावा, पातळ रसात त्याच दिवशी भाजी नाहीतर सुंगटं शिजवावीत. चोथ्यातही थोडं तेल राहतं, तो सुक्या चटणीत भाजून घालता येतो.