रिफंड नेमका कुठं थांबलाय?

माझ्याकडे विवरणपत्र भरून घेणारी बहुतेक मंडळी पगारदार, नाहीतर पेन्शनर. निवृत्त शिक्षक, एसटीचे माजी वाहक, सिव्हिलमधल्या सिस्टर, शिवाय पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला एखादा कंपनीवाला. साताऱ्यातल्या माझ्या ऑफिसात जुलैभर कागदांचा ढीग असतो आणि ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, एकाच दिवशी, एकाच टेबलावर भरलं. सरांचा रिफंड जमा झाला, माझाच कुठं अडकला?"

कुणा साहेबाच्या टेबलावर फाइल पडून राहिलीय, असं चित्र त्या प्रश्नामागं असतं. तसं नसतं. प्राप्तिकर विभागाचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र, आम्ही त्याला सीपीसी म्हणतो, बंगळुरूला आहे आणि देशभरातली विवरणपत्रं तिथं संगणक तपासतो. सरांचं नुसतं पेन्शन. तुमच्या तीन बँकांत ठेवी, थोडे शेअर्स, गेल्या वर्षी विकलेला प्लॉट. टेबल एक असलं तरी तपासणी एक नाही. 2013-14 मध्ये विवरणपत्राच्या प्रक्रियेला सरासरी 93 दिवस लागत, ते आता 10 वर आले, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितलं होतं. सुधारणा झालीय हे मीही रोज बघते. पण सरासरी म्हटली की तिच्या पलीकडं कुणीतरी राहणारच, आणि तो नेमका माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो.

कायद्यानं विभागाला दिलेली मुदत मात्र ऐसपैस आहे. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरलं, ते वर्ष संपल्यावर आणखी नऊ महिने. सप्टेंबर 2025 मध्ये भरलं असेल तर 31 डिसेंबर 2026. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, पण भांडायला निघण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

लोक रिफंडची वाट पासबुकात बघतात. खरी हकीकत ई-फायलिंग पोर्टलवर असते. लॉगिन करायचं, 'ई-फाइल'मध्ये जायचं, तिथून 'इन्कम टॅक्स रिटर्न्स' आणि मग 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'. त्या त्या वर्षासमोर 'व्ह्यू डिटेल्स' दाबलं की तारखांसकट सगळा प्रवास दिसतो: कधी भरलं, कधी व्हेरिफाय झालं, कधी प्रक्रिया संपली.

त्यातला दुसरा टप्पा सर्वात जास्त लोकांना नडतो. विवरणपत्र अपलोड केलं, पोचपावतीचा आकडा मिळाला, की लोक सुटलो म्हणतात. पण 30 दिवसांच्या आत ते व्हेरिफाय झालं नाही, तर विभागाच्या लेखी तुम्ही ते वेळेत भरलेलंच नसतं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की काम झालं. दोन मिनिटांचंही नाही. घोडं पेंड खातं ते मोबाइलपाशी. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा मस्कतला, आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. अशा वेळी नेट बँकिंगनं व्हेरिफाय करता येतं, किंवा आयटीआर-व्ही हा एकपानी कागद सही करून बंगळुरूला पोस्टानं पाठवता येतो. तीही मुदत तीसच दिवसांची. पूर्वी ती 120 दिवस होती, ऑगस्ट 2022 पासून कमी झाली; जुन्या सवयीचे लोक अजून फसतात.

पुढची अडचण खास आपल्याकडची, नावाची. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. पोर्टलवर प्रक्रिया पूर्ण झालेली, रिफंड पाठवल्याची नोंद, आणि खाली लाल अक्षरांत 'रिफंड फेल्ड'. पॅन कार्ड त्यांनी लग्नाआधी काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पेन्शनच्या खात्यावर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, तेही आडनाव आधी. संगणकाच्या लेखी या दोन बायका. रिफंडचे धनादेश पोस्टानं यायचे ते दिवस गेले. मार्च 2019 पासून पॅनशी जोडलेल्या खात्यातच पैसे येतात आणि ते खाते पोर्टलवर आधी 'व्हॅलिडेट' करून रिफंडसाठी निवडावं लागतं. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं याच खात्यात पगार आलाय, त्यांना का चालत नाही?" पॅनवरचं नाव दुरुस्त केलं, खातं पुन्हा व्हॅलिडेट केलं आणि 'सर्व्हिसेस'मध्ये 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकली. पैसे आले. पण माहेर-सासरच्या नावांचा हा घोळ मला दर वर्षी नव्यानं भेटतो, आणि नाव बदलायला लावणाऱ्या घरांतलं कुणी पॅन बदलून देत नाही, एवढं बोलल्यावाचून राहवत नाही.

बँका एकमेकींत विलीन झाल्या, त्याचाही फटका याच ठिकाणी बसतो. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात. शाखा तिथंच, पाटी बदलली, आयएफएससी बदलला, आणि पोर्टलवर जुनाच पडून. तो एकदा बघून घ्यावा. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर प्रश्न आणखी मोठा: जुलै 2023 पासून असं पॅन निष्क्रिय धरलं जातं, आणि ते तसं असेपर्यंत रिफंडही नाही आणि त्या काळाचं व्याजही नाही.

प्रक्रिया झाली, पण रिफंड मागितल्यापेक्षा कमी आला, असंही होतं. तेव्हा 143(1) ची सूचना उघडायची. ती ईमेलवर येते आणि फारसं कुणी उघडत नाही, कारण नोटीस म्हटलं की धडकी भरते. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही काय लिहिलं आणि सीपीसीनं काय धरलं. कुठल्या ओळीत आकडे वेगळे आहेत ते बघायचं. बहुतेकदा फरक टीडीएसच्या ओळीत सापडतो. बँकेनं किंवा संस्थेनं पैसे कापले, पण तुमच्या पॅनवर दाखवलेच नाहीत, किंवा पॅनचं एक अक्षर चुकवलं. कापणाऱ्यानं आपलं विवरण दुरुस्त केल्याशिवाय ते सुधारत नाही; तिथं विभागाशी भांडून उपयोग नाही, कापणाऱ्याच्या दारात जावं लागतं. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये घाईनं विवरणपत्र भरून देत नाही. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण द्यायची मुदतच 31 मेपर्यंत असते. त्याआधी 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, अर्धवटच दिसतो.

जुनी मागणी थकीत असेल तर ती रिफंडमधून वळती होते, मात्र आधी कळवून. 'पेंडिंग ॲक्शन्स'मध्ये जाऊन मान्य की अमान्य, ते मुदतीत सांगायचं असतं. गप्प बसणं म्हणजे मान्य करणं, असंच तिथं धरलं जातं.

आता ज्यांचं सगळं बरोबर असूनही थांबलंय, त्यांच्याबद्दल. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे दलाल गल्लोगल्ली झालेत. राजकीय पक्षाला देणगी दिली म्हणून लिहायचं, घरभाड्याच्या पावत्या छापायच्या, आणि आलेल्या रिफंडात टक्केवारी घ्यायची. 14 जुलै 2025 रोजी विभागानं देशभरात सुमारे 150 ठिकाणी यासाठी तपासणी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अनेकांना संदेश आले, की रिफंडचा दावा जोखीम-तपासणीत थांबवलाय, चूक असेल तर 31 डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा. ज्यांच्याकडं पावत्या होत्या त्यांनाही तो संदेश बघून घाम फुटला. पावत्या जपा आणि थांबा, एवढाच माझा सल्ला होता. दलालाकडून भरून घेतलेल्यांना मात्र मी सुधारित विवरणपत्र भरायला सांगितलं आणि काहीजण त्यावर रुसले.

उशिराचं व्याज मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महिन्याला अर्धा टक्का, सरळव्याज. मुदतीत भरलं असेल तर करनिर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून मोजायचं. रिफंड 18,000 आणि नोव्हेंबरमध्ये मिळाला, तर आठ महिन्यांचे 720 रुपये. उशिरा भरलं असेल तर भरल्या तारखेपासून. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. आणि हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं, तेही करपात्रच.

वाट बघणाऱ्यांवर भामट्यांचाही डोळा असतो. 'तुमचा रिफंड मंजूर झाला, खाते क्रमांक तपासण्यासाठी लिंक उघडा' असा संदेश ऑगस्टातच का येतो, हे उघड आहे. विभाग फोनवर किंवा मेसेजवर पिन, ओटीपी, कार्डाचा नंबर कधीच विचारत नाही. शंका आली तर पत्ता स्वतः टाइप करून पोर्टल उघडावं.

पेन्शनर मंडळींशी माझा एक वाद दर वर्षी होतो. त्यांना रिफंड म्हणजे घबाड वाटतं. वर्षभर ठेवींवरच्या व्याजातून बँक कापत राहते, मग जुलैत विवरणपत्र, मग माझी फी, मग वाट बघणं, आणि शेवटी स्वतःचेच पैसे परत. "तेवढीच बचत होते हो," एक काका म्हणतात. मी म्हणते, काका, साठी उलटलीय आणि वर्षाचा कर शून्य येतोय, तर एप्रिलमध्येच बँकेत कर न कापण्याचा फॉर्म (पूर्वीचा 15एच) द्या, कापणारच नाहीत. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांना एका बँकेतलं लाखापर्यंतचं व्याज टीडीएसविना मिळतं, आणि नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर करच उरत नाही. एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत. तेव्हा त्या वर्षीचा फॉर्म कोणता, ते बँकेतच विचारून घ्यावं. जितक्या बँका तितके फॉर्म, दर वर्षी नव्यानं, आणि दिल्याची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही.