मृगाची वाट पाहणारे

वैशाखाच्या अखेरीस हिंगोली जिल्ह्यातील शेतांकडे पाहिले, तर तेथे काही जिवंत असेल असे वाटत नाही. हवेचे तापमान 42 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याहूनही अधिक तापतो. सेनगाव, कळमनुरी, वसमत, कोणत्याही तालुक्यात जावे. नांगरलेल्या रानातील ढेकळे दगडासारखी कठीण झालेली असतात, आणि न नांगरलेल्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. कयाधूचे पात्र कोरडे दिसू लागते. गुरे झाडाच्या सावलीला जातात, पाखरे पाणवठा शोधतात, साप बिळात खोल शिरतो. ज्याला हलता येते तो हलतो.

परंतु त्याच मातीत असे असंख्य रहिवासी आहेत, की ज्यांना कोठेही जाता येत नाही. हे रहिवासी म्हणजे जिवाणू. चिमूटभर चांगल्या मातीत ते कोट्यवधींच्या संख्येने असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांत एक जिवाणू सहज मावतो. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. पाणी असेल तर काही जिवाणू पोहतात. पण कोरड्या ढेकळात पोहणार कोठे? ऊन, तहान आणि उपासमार ही तिन्ही संकटे त्यांना जागच्या जागी सोसावी लागतात. असे असूनही मृगाचा पाऊस पडला की थोड्याच वेळात ही प्रजा पुन्हा कामाला लागते. हे कसे घडते, हे समजण्यासाठी त्यांच्या जनुकांचा व्यवहार पाहावा लागतो.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्या धाग्यावर निरनिराळी प्रथिने कशी तयार करावीत, याच्या सूचना रासायनिक लिपीत लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. मातीतील एखाद्या जिवाणूजवळ अशी चार हजारांहून अधिक जनुके असू शकतात. परंतु ती सगळी एकाच वेळी कामास लावणे त्याला परवडत नाही. प्रथिन तयार करण्यास शक्ती लागते आणि शक्ती अन्नावाचून मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरात घोंगडी असते, म्हणून कोणी ती चैत्रात पांघरून बसत नाही. ती घडी करून ठेवलेली असते आणि पाऊस आला की खाली काढली जाते. जिवाणूही आपली बहुतेक जनुके अशीच मिटून ठेवतात. कोणते जनुक केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, यावरच त्यांचे जगणे-मरणे ठरते.

ही उघडझाप प्रथम स्पष्ट झाली ती पॅरिसमध्ये. झाक मोनो या शास्त्रज्ञाने 1940 च्या सुमारास आतड्यातील जिवाणूंना दोन प्रकारची साखर एकत्र खाऊ घातली. जिवाणूंनी आधी सोपी साखर संपविली. मग त्यांची वाढ काही वेळ थांबली. आणि त्यानंतर त्यांनी दुसरी साखर खाण्यास आरंभ केला. मधला तो विराम कशासाठी होता? पुढे मोनो आणि त्याचा सहकारी फ्रांस्वा झाकोब यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. दुधातील साखर पचविणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापाशी एक दुसरेच प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसलेले असते आणि ते जनुक वाचू देत नाही. दुधातील साखर पेशीत शिरली, की तिच्यापासून बनलेला एक पदार्थ त्या पहारेकऱ्याला चिकटतो. पहारेकरी जागा सोडतो आणि जनुक उघडे होते. हे स्पष्टीकरण 1961 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1965 मध्ये त्या दोघांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

साखरेप्रमाणे उन्हाचीही वर्दी जिवाणूला लागते. अंड्यातील पांढरा बलक उष्णतेने घट्ट होतो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. बलकातील प्रथिनांची घडी मोडल्यामुळे तसे होते. पेशी तापली तर तिच्यातील प्रथिनांवरही तोच प्रसंग येतो. त्या वेळी काही साहाय्यक प्रथिने धावून येतात, मोडलेल्या घड्या नीट करतात आणि जी सुधारणार नाहीत त्यांचे तुकडे करून टाकतात. आतड्यातील जिवाणूंमध्ये ही साहाय्यक प्रथिने तयार करण्याचा हुकूम देणारा एक निरोप असतो. थंडाव्यात तो निरोप स्वतःभोवतीच गुंडाळलेला राहतो, म्हणून तो वाचता येत नाही. उष्णता वाढली की गुंडाळी सैल होते आणि तो वाचला जातो. निरोपाचा कागदच येथे तापमापकाचे काम करतो! निसर्गातील युक्त्यांमध्ये याहून सुटसुटीत युक्ती क्वचितच आढळेल.

परंतु दुपारचे ऊन सोसणे निराळे आणि सबंध उन्हाळा काढणे निराळे. पाणी आटले, अन्न संपले, म्हणजे नुसत्या डागडुजीने भागत नाही. मातीत सर्वत्र आढळणारा बॅसिलस सबटिलिस नावाचा जिवाणू अशा वेळी जे करतो, ते विलक्षण आहे. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोहन याने 1876 मध्ये वाळल्या गवताच्या काढ्यात हा जिवाणू अभ्यासला. काढा उकळला तरी त्यातील जिवाणू समूळ मरत नाहीत, थंड झाल्यावर ते पुन्हा वाढू लागतात, असे त्याला आढळले. उकळत्या पाण्यातून वाचणारे ते रूप म्हणजे बीजाणू.

बीजाणू होण्याचा निर्णय जिवाणू उतावीळपणे घेत नाही. उपासमारीची खूण ओळखणारी काही प्रथिने त्याच्याजवळ असतात. त्यांच्याकडून फॉस्फेटचा एक कण दुसऱ्या प्रथिनाकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, असा हातोहात पुढे दिला जातो आणि शेवटी एका मुख्य प्रथिनापाशी पोचतो. अशी वर्दी मिळालेली मुख्य प्रथिने पुरेशी जमली, तरच पुढची जनुके उघडतात. टंचाई क्षणभराचीच असेल, तर वाटेतच वर्दी काढून घेणारी प्रथिनेही आहेत. इतकी सावधगिरी बाळगण्याचे कारण उघड आहे. एकदा काम विशिष्ट टप्प्यापुढे गेले, की माघार घेता येत नाही. आणि बीजाणू झालेला जिवाणू ना खातो, ना वाढतो. उद्या अन्न मिळाले, तर शेजारी ते खाऊन जातील आणि हा झोपलेलाच राहील. हा निर्णय लांबविण्यासाठी काही जिवाणू क्रूर मार्गही धरतात. आपल्याच भावंडांना मारणारे विष ते सोडतात आणि मेलेल्यांतून बाहेर पडणाऱ्या अन्नावर आणखी काही काळ निभावून नेतात. हे 2003 मध्ये उघडकीस आले.

निर्णय झाला, की पेशीत एका टोकाशी भिंत उभी राहते आणि एक मोठी व एक छोटी अशा दोन खोल्या होतात. दोन्हींत डीएनएची एकेक संपूर्ण प्रत असते. परंतु मोठ्या खोलीत जी जनुके उघडतात, त्यांहून निराळी छोट्या खोलीत उघडतात. मोठी खोली छोटीला हळूहळू आपल्या पोटात घेते. तिच्याभोवती कवचावर कवच चढविते. आतले पाणी कमी होते, डीएनएवर लहान लहान प्रथिनांचे आच्छादन पसरते. सात-आठ तासांत हे सारे पुरे होते आणि मग ती मोठी पेशी, म्हणजे जिला माता म्हटले जाते ती, स्वतः फुटून नाहीशी होते. मागे उरतो तो बीजाणू. त्याला भूक नाही, तहान नाही. वर्षानुवर्षे तो तसाच पडून राहू शकतो.

तथापि झोपलेल्याने उठावे केव्हा? मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. जूनच्या पहिल्या सरीवर विश्वासून पेरणी करावी आणि मग पावसाने पंधरा दिवस दडी मारावी, म्हणजे कोंब करपतात, महागाचे बियाणे वाया जाते आणि दुबार पेरणीची पाळी येते. बीजाणूलाही असाच धोका असतो, आणि त्याच्याजवळ दुसरे बियाणेही नसते. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधकांनी 2022 मध्ये दाखविले, की बीजाणू आतमध्ये पोटॅशियमचा साठा धरून असतो. अन्नाची अल्पशी चाहूल लागली, की त्यातील थोडे पोटॅशियम बाहेर सोडले जाते, पण बीजाणू उठत नाही. अशा चाहुलींची बेरीज होऊन साठा ठराविक पातळीखाली गेला, म्हणजेच तो जागा होतो. शिवाय सगळे बीजाणू एकाच वेळी उठत नाहीत. काही मागे राहतात. शेतकरी थोडे बियाणे घरात राखून ठेवतो, तसेच हे झाले. फरक एवढाच, की येथे राखून ठेवणारा कोणी नाही.

पहिल्या पावसाबरोबर येणारा मातीचा वास हीसुद्धा या उघडझापीचीच खूण आहे. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बुरशीसारख्या तंतूंनी मातीत पसरतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध याच घराण्यातून मिळाले. मृद्गंधाचा मुख्य घटक असलेला जिऑस्मिन हा पदार्थ हे जिवाणू तयार करतात. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे मोजके काही भाग असले, तरी माणसाच्या नाकाला ते कळते. जे नियामक या जिवाणूंना बीजाणू करावयास लावतात, तेच गंधाचे जनुकही उघडतात, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या वासाने स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे उड्या मारणारे प्राणी जवळ येतात, जिवाणूंचे तंतू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकतात. पावसाचा थेंब आपटला की मातीत साठलेला तो वास वर उडतो, आणि गावात सर्वांना कळते, की पाऊस आला.

सगळ्याच जिवाणूंना बीजाणू करता येत नाहीत. सोयाबीन हे हिंगोलीचे खरिपातील मोठे पीक. त्याच्या मुळांवर गाठी करून राहणारे रायझोबियम कुळातील जिवाणू या बाबतीत दुबळे आहेत. माती सुकू लागली, की ट्रेहॅलोज नावाची साखर तयार करणारी जनुके ते उघडतात; तिच्या आधाराने काही जण तग धरतात, परंतु पुष्कळ मरतात. म्हणूनच पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू खत चोळण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम या प्रमाणात लावतात आणि बियाणे सावलीत वाळवितात. उन्हात वाळविले, तर सारा खटाटोप फुकट जातो.

उगवलेले मूळ काही पदार्थ मातीत सोडते. त्यांची चाहूल लागताच जिवाणूंची गाठ घडविणारी जनुके उघडतात, आणि ते मुळाला उलट निरोप पाठवितात. गाठीत शिरल्यावर आणखी एक कुलूप उघडावे लागते. हवेतील नत्र पिकाला उपयोगी अशा रूपात आणणे हे फार शक्ती खाणारे काम आहे, आणि ते करणारे प्रथिन प्राणवायूने बिघडते. म्हणून प्राणवायू अगदी कमी झाला, तरच त्याची जनुके उघडतात. पेरणीनंतर सुमारे 40 दिवसांनी एखादे रोप मुळासकट उपटून गाठ चिरून पाहावी. आतून ती लालसर गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असे समजावे. तो रंग प्राणवायूला धरून ठेवणाऱ्या, रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातील एका प्रथिनाचा असतो. शेतात युरिया भरपूर टाकला, तर गाठी थोड्याच धरतात. नत्र फुकट मिळत असताना जिवाणू पोसण्यास वनस्पतीही तयार नसते.

शेंगा भरत आल्या की गाठी आतून हिरवट, मग तपकिरी होतात, फुटतात आणि जिवाणू मातीत परततात. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात पुष्कळदा हरभरा पेरला जातो. परंतु हरभऱ्याच्या मुळाचा निरोप या जिवाणूंना कळत नाही. त्याला दुसरेच जिवाणू लागतात. त्यामुळे जिवाणू खताच्या पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते, आणि ते वाचून घ्यावे लागते.