मक्याची बुरशी आणि औषधाचा भ्रम

बुलडाणा जिल्ह्यात खरिपाचा मका निघतो तेव्हा पुष्कळदा परतीचा पाऊस गाठतो. ओला मका पोत्यात भरला की बुरशी धरते, तिच्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात असाच मका खाऊन कावीळ पसरली, शंभरावर माणसे दगावली.

पशुखाद्याच्या मक्याला प्रोपिओनिक आम्ल लावतात. त्याने बुरशी थांबते. आधी झालेले विष मात्र जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही. म्हशीला घातला तर ते दुधात उतरते. हिरवट पडलेला माल औषध मारून खपवणे ही सरळ फसवणूक आहे.

व्यापारी बंधूंनी ओलावा १३ टक्क्यांखाली आल्याशिवाय थप्पी लावू नये. थप्पीखाली फळ्या हव्यातच. कापडाच्या गाठींनाही आम्ही त्या घालतो.