महारोहिणीविस्फार व स्टेंट ग्राफ्ट : उपचारापूर्वीची आणि नंतरची जबाबदारी

वार्षिक अहवालातून एका आजाराची माहिती देण्याच्या प्रघातानुसार यंदा आम्ही महारोहिणीविस्फार, म्हणजेच ॲन्युरिझम, हा विषय घेतला आहे. यावरील शस्त्रक्रिया आमच्या रुग्णालयात होत नाही. तरीही निमगाव सावा व परिसरातील रुग्णांसाठी आपल्या हातून होण्याजोगे पुष्कळ आहे, हेच येथे सांगावयाचे आहे.

महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. वाढते वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब व आनुवंशिकता यांमुळे तिची भिंत कमकुवत होते आणि जुन्या टायरला फुगा यावा तसा तेथे फुगवटा येतो. व्यास ३ सेंटिमीटर झाला की त्यास विस्फार म्हणतात. फुगवटा जितका मोठा, तितका भिंतीवरील ताण अधिक. बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो. फुगवटा फुटल्यास मात्र बहुतेक रुग्ण दगावतात. अनेक तर रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत. थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे १९५५ साली याच कारणाने निधन झाले.

पूर्वी पोट उघडून कृत्रिम नळी शिवणे हाच उपाय होता. १९९० साली डॉ. हुआन पारोदी यांनी ब्युनोस आयर्स येथे जांघेतील रोहिणीवाटे स्टेंट ग्राफ्ट बसवून नवा मार्ग दाखविला. मिटलेली, धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने फुगवट्यापर्यंत नेऊन तेथे उघडतात. जुन्या पाइपलाइनीच्या आतून नवी नळी ओवावी, तसाच हा प्रकार. रक्त नव्या नळीतून वाहू लागते व कमकुवत भिंतीवरील दाब कमी होतो. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत (२००४) पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के, तर या पद्धतीत १.७ टक्के आढळले.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येकाच्या रोहिणीची रचना या उपचारास अनुकूल नसते. काही रुग्णांत ग्राफ्टबाहेर रक्त पुन्हा झिरपते किंवा ग्राफ्ट सरकतो. त्याच चाचणीच्या दीर्घ पाठपुराव्यात आठ वर्षांनंतर जुन्या पद्धतीचे रुग्ण अधिक जगल्याचे दिसले. म्हणून ग्राफ्ट बसविलेल्याने आयुष्यभर नियमित तपासणी करून घेणे अनिवार्य आहे. बरे वाटते म्हणून तपासणी चुकविणे घातक ठरू शकते.

उपचार शहरात होईल. पण त्याआधीचे निदान आणि नंतरचा पाठपुरावा गावाजवळच व्हावयास हवा. साध्या सोनोग्राफीत पोटातील विस्फार दिसतो. पुरुषांत साधारणतः ५.५ सेंटिमीटरपर्यंत केवळ देखरेख पुरते. स्त्रियांत ही मर्यादा थोडी कमी मानतात. पासष्टी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या अथवा पूर्वी ओढलेल्या पुरुषांनी, तसेच भावंडांत वा आई-वडिलांत हा आजार असलेल्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी करून घ्यावी. विस्फार माहीत असलेल्यास अचानक पोटात वा पाठीत तीव्र वेदना झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

खर्चाच्या चिंतेने कोणी घरी बसू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा. फुगवटा वेळेत सापडला तर या कागदांसाठी अवधी मिळतो. फुटल्यावर तो मिळत नाही.