बर्फावरील राहुटी आणि मालमोटार

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत हिवाळा अतिशय कडक असतो. तेथील असंख्य सरोवरें त्या ऋतूंत वरून गोठून जातात, आणि लोक त्या बर्फावर चालत जाऊन, गिरमिटानें भोंक पाडून, त्यांतून गळ सोडतात व मासे धरतात. वर बर्फ आणि खालीं जिवंत मासे, हें कसें घडतें? पाणी ४ अंश सेंटिग्रेड उष्णमानास सर्वांत जड असतें. त्याहून अधिक थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें व तेथेंच गोठतें. बर्फ तर पाण्याहूनहि हलका. म्हणून तो तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणाचें काम करतो. सृष्टिकर्त्याची ही योजना नसती, तर सरोवरें तळापासून गोठलीं असतीं.

उघड्या बर्फावरील वारा अंगास सुयांप्रमाणें टोंचतो. त्यापासून रक्षण व्हावें म्हणून मासे धरणारे लोक लहानशी राहुटी बरोबर नेतात. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार मोठ्या छत्रीसारखा मिटून पिशवींत बसतो. दुसऱ्यांत प्लॅस्टिकची एक उथळ घसरगाडी असते. तिच्या कडेस दांड्या व जाड कापड जोडलेलें असतें, आणि गाडींत बसून तें डोक्यावरून ओढून घेतलें कीं राहुटी तयार होते. हा दुसरा प्रकार १९८० च्या सुमारास मिनेसोटांतील डेव्ह गेन्झ यांनीं प्रचारांत आणला. बर्फावर ती गाडी एकटा मनुष्यहि सहज ओढतो. खरी अडचण येते ती घरीं परततांना, ती पिकअप मालमोटारींत चढवावयाच्या वेळीं.

प्रथम मोटार कोठें उभी करावी हें पाहिलें पाहिजे. नवा, स्वच्छ व पारदर्शक बर्फ निदान ४ इंच जाड असल्यावांचून त्यावर पायींहि जाऊं नये, असें तेथील सरकारी खातें सांगतें. लहान मोटारीस ९ ते १० इंच लागतात, आणि मोठ्या मालमोटारीस एक फुटाहूनहि अधिक. पांढरा, हिम मिसळलेला बर्फ दुर्बळ असतो. त्यास हीच जाडी दुप्पट धरावी. कोणताहि बर्फ पूर्ण निर्धोक नसतो. म्हणून संशय असल्यास मोटार कांठावरच ठेवावी आणि राहुटी तेथपर्यंत ओढीत आणावी. चार पावलें वांचविण्याच्या लोभानें प्राणच गमावण्याचा प्रसंग येतो.

आतां चढविण्याची रीत. गिरमीट, शेगडी, बॅटरी, धरलेले मासे, हें सर्व प्रथम बाहेर काढावें. भरलेली गाडी उचलणें म्हणजे कंबरेस दुखापत ओढवून घेणें होय. कापडावरचें हिम झाडावें. कापड गोठून ताठ झालें असल्यास तें बळानें दुमडूं नये, कारण तें फाटतें. मोटारीचा हातब्रेक लावून मागचा फाळका खालीं सोडावा. पायांखालीं निसरडें असेल तर वाळू पसरावी.

समजा, रिकामी घसरगाडी १२० पौंड वजनाची आणि फाळका जमिनीपासून ३ फूट उंच आहे. ती एकदम उचलावयाची म्हणजे १२० पौंडांचा सगळा भार अंगावर येतो. परंतु आधीं पुढील टोंक उचलून फाळक्यावर टेंकविलें, तर त्या वेळीं दुसरें टोंक जमिनीवर असतें व हातावर सुमारें ६० पौंडच येतात. मग मागें जाऊन दुसरें टोंक उचलावें. पुन्हां ६० पौंड. पुढें ढकलूं लागतांच गुरुत्वमध्य फाळक्याच्या कडेजवळ येतो व हातावरील भार कमी कमी होत जातो. तो कड ओलांडतांच गाडी आपण होऊनच हौद्याकडे कलते. ही तरफेचीच करामत.

दुसरी युक्ति उतरणीची. ९ फूट लांबीची भक्कम फळी फाळक्यास टेंकवून गाडी तीवरून ओढली, तर घर्षण वगळतां ४० पौंडांचेंच बळ पुरतें. आपल्याकडील हमाल जड पिंपें फळीवरून गाडींत चढवितात, तें ह्याच नियमानें. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: १२० पौंड ३ फूट उचलले, ६० पौंड ३ फूट दोनदां उचलले, किंवा ४० पौंड ९ फूट ओढले, तरी कार्य ३६० फूट-पौंडच होतें. युक्तीनें काम नाहींसें होत नाहीं. तें आपल्या शक्तीच्या आटोक्यांत येतें, एवढेंच.

गाडी हौद्यांत गेली म्हणजे काम संपलें असें नव्हे. जड सामान पुढें, चालकाच्या बाजूस ठेवावें, आणि चारी कोपऱ्यांस पट्टे घट्ट आंवळावे. मोटारीचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा दाब चौपट होतो. सैल कापड त्यांत शिरलें तर संपूर्ण राहुटी उडून मागच्या मोटारीवर पडावयाची. ग्यासची टांकी बंद करून हौद्यांत उभी बांधावी. माणसें बसतात त्या बंद खोलींत ती ठेवूं नये. राहुटींतहि शेगडी पेटविली असतां हवेस वाट ठेवावी, कारण अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या शेगडींतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास वास नसतो, रंग नसतो. तो झोपेंतच मनुष्याचा प्राण घेतो.

घरीं पोंचल्यावर राहुटी उघडून वाळवावी, नाहीं तर कापडास बुरशी लागते.

शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ असें आपण म्हणतों. मात्र युक्तीसहि सावधगिरीची जोड पाहिजे. ओझें हलकें कसें करावें हें पदार्थविज्ञान शिकवितें. तें कोठें आणि केव्हां उचलावें, हें ज्याचें त्यानेंच विवेकानें ठरवावयाचें असतें.