गॅसवर ओढत नाही म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवू नका

पेट्रोल-सीएनजीवर चालणारा जुना, पॉइंटवाला टेम्पो येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पेट्रोलवर मस्त, गॅसवर चढाला दम नाही." आपण लगेच डिस्ट्रिब्युटर सैल करून कानाने टायमिंग पुढे घेतो. गाडी पळतेसुद्धा! सीएनजी हळू जळतो, त्याला ठिणगी जरा आधी लागते, आणि ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंग सहज होत नाही. पण गॅस संपला की तीच गाडी पेट्रोलवर लोड घेऊन खटखटते, आणि ते प्रकरण पिस्टनपर्यंत जातं. टायमिंग फार मागे असेल तर उलटा त्रास: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून करपतात.

म्हणून टायमिंग पेट्रोलवरच लावा. आधी पॉइंटचा गॅप, कारण तो बदलला की टायमिंग हलतं. मग इंजिन गरम, आयडलिंग बरोबर, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद, एक नंबरच्या वायरला टायमिंग लाइट. खूण मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. रेस दिल्यावर खूण सरकली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं जाम आहेत. व्हॅक्यूम युनिटला नळी लावून तोंडाने ओढा; हवा येतच राहिली तर पडदा फाटलाय. (या तपासणीचे पैसे लावा हो, फुकट करू नका.)

एवढं करूनही गॅसवर मिसफायर किंवा मिक्सरमध्ये फटाका? प्लगचा गॅप, वायर, कॅप बघा. गॅसला ठिणगीचं व्होल्टेज जास्त लागतं. तरीही दम कमीच वाटला तर इग्निशनला जुळणारा टायमिंग अ‍ॅडव्हान्स प्रोसेसर बसवा. तो फक्त गॅसवर टायमिंग पुढे घेतो, पेट्रोलला हात लावत नाही.