समाजमाध्यमांवरील स्वयंचलित प्रतिक्रिया : स्वरूप आणि संमतीचा प्रश्न

प्रस्तावना :
समाजमाध्यमांवरील मजकुराखाली वाचक आपली प्रतिक्रिया नोंदवतात. या प्रतिक्रियेचे वजन केवळ तिच्यातील युक्तिवादावर ठरत नाही. ती कोणी लिहिली व कोणत्या अनुभवातून लिहिली, यावरही वाचकाचा विश्वास अवलंबून असतो. लिहिणारी व्यक्तीच अस्तित्वात नसेल तर या विश्वासाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वयंचलित प्रतिक्रियेचे स्वरूप :
यंत्राद्वारे प्रतिक्रिया टाकण्याचा प्रकार नवा नाही. इ. स. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने इंटरनेटविषयक नियमांवर जनतेची मते मागवली. २ कोटी २० लाखांहून अधिक मते आली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होती, असे न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने मे २०२१ च्या अहवालात नमूद केले. बनावट मतांत तीच ती वाक्ये वारंवार आढळत असल्याने ती ओळखणे तुलनेने सोपे होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ही खूणच पुसून टाकली. भाषेची मोठी प्रारूपे प्रचंड मजकुरावरून शब्दांचे परस्परसंबंध शिकतात आणि पुढील शब्द कोणता येण्याचा संभव आहे, हे ठरवत वाक्य रचतात. त्यामुळे एकाच सूचनेवरून प्रत्येक वेळी निराळा मजकूर तयार होतो. समोरच्या व्यक्तीचे जुने लेखन दिल्यास तिला पटेल असे उत्तरही बेतता येते.

झुरिच येथील प्रयोग :
रेडिट या माध्यमावर 'चेंज माय व्ह्यू' नावाचा विभाग आहे. तेथे सदस्य आपले मत मांडतो व इतरांना ते खोडून काढण्याचे आवाहन करतो. मत बदलले तर तो उत्तर देणाऱ्यास 'डेल्टा' हे चिन्ह देतो. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी येथे यंत्रलिखित १,७०० हून अधिक प्रतिक्रिया टाकल्या. यंत्रलिखित मजकूर तसा जाहीर केला पाहिजे, असा विभागाचा नियम होता. सदस्यांना मात्र काहीच कळवले नव्हते.

काही प्रतिक्रियांत यंत्राने बलात्कारपीडित व्यक्तीचे, तर काहींत मानसिक आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाचे रूप घेतले. काही उत्तरे सदस्यांच्या जुन्या लेखनावरून त्यांचे वय, लिंग, राजकीय कल इत्यादींचा अंदाज बांधून रचली होती. एप्रिल २०२५ मध्ये विभागाच्या व्यवस्थापकांनी हा प्रकार उघड केला. त्यानंतर प्रमुख संशोधकास विद्यापीठाने ताकीद दिली व निष्कर्ष प्रकाशित न करण्याचे संशोधकांनी ठरवले.

संमतीचा प्रश्न :
या तंत्राचा धोका प्रत्यक्ष चर्चेतच तपासला पाहिजे व आधी सांगितल्यास लोकांचे वर्तन बदलते, ही संशोधकांची बाजू अगदीच निराधार नाही. तथापि, सहभागी व्यक्तींना शक्य तितकी माहिती द्यावी व माध्यमाचे नियम पूर्णपणे पाळावेत, असा सल्ला विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीने दिला होता. तो बंधनकारक नव्हता. शिवाय पर्यायही उपलब्ध होता. ओपनएआय या कंपनीने याच विभागातील चर्चा घेऊन आपल्या प्रारूपाची उत्तरे तेथे न टाकता स्वतंत्र परीक्षकांकडून तपासून घेतली होती.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. स्वतःचा अनुभव नीट मांडण्यासाठी एखाद्याने यंत्राकडून भाषा सुधारून घेतली, तर अनुभव व जबाबदारी त्याचीच राहते. यंत्राने न भोगलेले दुःख आपले म्हणून सांगितले, तर त्याची जबाबदारी घेणारे वाचकासमोर कोणीच नसते.

निष्कर्ष :
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा १ जुलै २०१९ पासून अमलात आलेला कायदा विक्री किंवा मतदानावर प्रभाव पाडण्यासाठी यंत्राची ओळख लपवून फसवणूक करण्यास मनाई करतो. झुरिचचा प्रयोग या दोहोंत बसत नाही. म्हणजेच केवळ असा कायदा पुरेसा नाही. स्वयंचलित प्रतिक्रियेची सर्वांत मोठी हानी तिने पटवलेल्या खोट्या मतात नाही. पुढे एखादी खरी पीडित व्यक्ती आपली हकिकत लिहील, तेव्हा तिच्याकडेही वाचक संशयाने पाहील. ही किंमत ज्यांनी फसवणूक केली त्यांना द्यावी लागत नाही. ती खरे बोलणाऱ्यांना द्यावी लागते. म्हणून यंत्रलिखित मजकुरावर तशी स्पष्ट नोंद असणे, ही चर्चेची किमान अट मानली पाहिजे.